टर्बो बदलण्याआधी धुराचा दाब मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकाने आपल्या टर्बोचार्ज्ड डिझेल मोटारीची कैफियत मांडली होती. सत्तर हजार किलोमीटरच्या आत दोन टर्बो बदलूनही गाडी चढाला ओढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारे हे यंत्रच, आपल्या रस्त्यांना आणि आपल्या खिशाला झेपणारे नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला होता. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा व्यवसाय अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. त्यांचा मनस्ताप मला पूर्ण समजतो, कारण मी स्वतःच त्यातून गेलो आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. एकाच गाडीचे दोन टर्बो लागोपाठ ‘जातात’ आणि दुसरा बसवल्यावरही तक्रार तशीच राहते, तेव्हा पहिला संशय टर्बोच्या पलीकडे, धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर घ्यायला हवा. ती वाट तुंबली आहे की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. हजार-दोन हजार रुपयांच्या दाबमापक गेजने ते मोजता येते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच मोजले जात नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी दीड लिटरची, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) डिझेल, २०२१ साली घेतलेली. निवृत्तीनंतर तिचा वापर बहुतेक कराड शहरातच, म्हणजे मंडई, बँक, दवाखाना असा चार-पाच किलोमीटरचा. पुण्याची फेरी दोन-तीन महिन्यांतून एखादी. अशाच एका फेरीवरून परतताना खंबाटकी घाटात गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडला, दुसऱ्यातही ती कुंथतच वर आली आणि वर पोहोचेपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०२९९ हा कोड निघाला. त्याचा अर्थ इतकाच, की इंजिनाने मागितलेला हवेचा दाब टर्बोकडून मिळत नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरने तो कोड वाचला आणि मला सांगितले, “काका, टर्बो गेला.” आयुष्यभर मुलांना ‘कोड म्हणजे निदान नव्हे, ती फक्त तक्रार आहे’ असे बजावणारा मी, त्या दिवशी मान डोलावून ऐंशी हजारांच्या अंदाजपत्रकावर सही करून आलो. नवा टर्बो बसल्यावर चार दिवस गाडी बरी वाटली, कदाचित पैसे मोजल्यामुळेही वाटली असेल. पाचव्या दिवशी मलकापूरच्या उड्डाणपुलाचा चढसुद्धा तिला जड जाऊ लागला.

मग मात्र मी अवजारांची जुनी पेटी उघडली. त्यानंतर जे आढळले ते सांगण्याआधी टर्बोविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती समजली नाही तर पुढची मोजमापे निरर्थक ठरतात.

टर्बोचे धुराकडचे चाक, म्हणजे टर्बाइन, केवळ धुराच्या जोरावर फिरते असे आपण ढोबळमानाने म्हणतो. प्रत्यक्षात ते फिरते दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर. पाणचक्कीचे चाक वरून पडणाऱ्या पाण्याने फिरते हे खरे, पण चाकाखालचे पाणी वाहून गेले नाही आणि तिथेच तुंबून चाकाच्या पात्यांपर्यंत चढले, तर वरून पडणारी धार तेवढीच असूनही चाक मंदावते. टर्बाइनचे तसेच आहे. समजा घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर टर्बाइनच्या आधी २.२ बार आणि नंतर १.१ बार निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा सुमारे एक बार धरून मोजलेला दाब, आहे. गुणोत्तर दोनाचे झाले आणि चाक जोमाने फिरले. आता टर्बाइननंतरच्या, धुरातली काजळी अडवणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये काजळी भरली आणि तिथला दाब १.५ बार झाला, तर आधीचा दाब तेवढाच असूनही गुणोत्तर दीडच्या खाली येते. आजच्या डिझेल टर्बोत धुराची वाट अरुंद-रुंद करणारी हलती पाती असतात, आणि गाडीचा संगणक ती पाती आवळून तूट भरून काढू पाहतो. पण दोनाचे गुणोत्तर परत मिळवायचे तर टर्बाइनच्या आधी तीन बार दाब उभा करावा लागेल. हा दाब ढकलण्याचे काम शेवटी इंजिनाच्या पिस्टनलाच करावे लागते. टर्बोकडून जे मिळवायचे तेच टर्बोला फिरवण्यात खर्ची पडते, सिलिंडरमध्ये जळका धूर शिल्लक राहतो, धुराचे तापमान चढते आणि काजळी आणखी वाढते, जी पुन्हा त्याच फिल्टरमध्ये जाऊन बसते.

घाटातले ट्रकचालक हे तत्त्व रोज वापरतात. एक्झॉस्ट ब्रेकची कळ दाबली की धुराच्या नळीतील झडप मिटते, उलटा दाब वाढतो आणि भरलेला ट्रक उतारावर इंजिनाच्याच जोरावर रोखला जातो. फिल्टर तुंबलेली मोटार म्हणजे हा ब्रेक अर्धवट लावून चढ चढणारी मोटार. फरक एवढाच, की तिच्या चालकाला कळ सोडता येत नाही.

लागोपाठ दुसरा टर्बो का जातो याचेही उत्तर इथेच आहे. टर्बोच्या दांड्यावरील सीलच्या कड्या रबरी नसतात. पिस्टनच्या कडीसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात आणि ठरावीक दाबापर्यंतच त्या धूर अडवू शकतात. दाब फार वाढला की गरम धूर त्या ओलांडून बेअरिंगच्या भागात शिरतो, तिथले ऑइल भाजून त्याचा कोळसा करतो आणि ऑइलची बारीक वाट बुजवतो. अशा गाडीत नवा टर्बो बसवणे म्हणजे तुंबलेल्या न्हाणीचा नळ बदलणे होय.

आता मोजणीकडे येतो. गॅरेजमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक नियम आहे: धुराच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचे गेज लावावे; आयडलिंगला सव्वा पीएसआय (दाबाचे एकक) आणि अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला, तर धुराची वाट तुंबलेली आहे असे समजावे. नियम चांगला आहे, परंतु तो मुळात बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनांसाठी बसवलेला आहे, आणि टर्बोच्या गाडीवर तो डोळे मिटून लावणारे दोन उलट चुका करतात.

पहिली चूक जागेची. टर्बाइनच्या आधी, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर, एखादे सोयीचे भोक सापडले म्हणून तिथे गेज लावले, तर भार असताना पंधरा-वीस पीएसआय दिसूनही गाडी ठणठणीत असू शकते, कारण तो दाब टर्बाइन फिरवण्यासाठीच उभा राहिलेला असतो. तो साधारणपणे टर्बो हवेला देत असलेल्या दाबाइतका किंवा त्याहून जास्तच असतो. त्या आकड्याला घाबरून चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा डबा, भंगारात काढल्याचे मी पाहिले आहे. तुंबणे शोधायचे तर गेज टर्बाइननंतर आणि कन्व्हर्टर किंवा फिल्टरच्या आधी लागले पाहिजे. टर्बो पेट्रोल गाड्यांत हे सोपे आहे, कारण त्यांचा पहिला ऑक्सिजन सेन्सर सहसा याच जागी असतो. डिझेलमध्ये त्याहून सोयीचा मार्ग म्हणजे पार्टिक्युलेट फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजणाऱ्या दाबफरक सेन्सरकडे जाणारी पुढची नळी. तिच्यात ‘टी’ जोड घालून एक फांदी गेजकडे न्यावी. सेन्सरच्या भोकातून मोजायचे असल्यास मधे दोन-तीन फूट तांब्याची किंवा पोलादी बारीक नळी घ्यावी, म्हणजे धूर थंड होतो आणि काट्याची थरथरही कमी होते. थेट रबरी नळी लावणाऱ्यांचे गेज एका दिवसात निकामी होते, हे मी विद्यार्थ्यांच्या कृपेने शिकलो आहे.

दुसरी चूक भाराची. गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनातून फारच थोडा धूर वाहतो, विशेषतः डिझेलमध्ये, कारण त्या वेळी इंजिनावर काही कामच नसते. अर्धवट तुंबलेली वाट तेवढा धूर सहज जाऊ देते आणि गेज निर्दोष आकडा दाखवते. म्हणून गेजची नळी, तापलेल्या भागांना आणि फिरत्या पट्ट्यांना न लागेल अशी बांधून, बोनेटच्या फटीतून समोरच्या काचेपाशी आणावी, सोबत एक माणूस केवळ काटा वाचायला बसवावा आणि गाडी खऱ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून साडेतीन हजार आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटरवर न्यावी. चालवणाऱ्याने स्वतः गेजकडे पाहू नये. ही सूचना मी वर्गात जितक्यांदा दिली तितक्यांदा ती कोणी ना कोणी मोडली.

सायलेन्सरच्या टोकाशी हात धरून धुराचा जोर अजमावण्याची जुनी पद्धत टर्बोच्या गाडीत फसवते. टर्बाइन धुराचे ठोके आधीच सपाट करत असल्याने चांगल्या गाडीचा धूरही मऊ लागतो. हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, मोजणाऱ्या गेजची परीक्षा पेट्रोलमध्ये अजूनही उपयोगी आहे: अडीच हजार आरपीएम स्थिर धरल्यावर व्हॅक्यूम हळूहळू घसरत गेला तर संशय घ्यावा. डिझेलमध्ये मात्र त्या मॅनिफोल्डमध्ये विश्वासार्ह व्हॅक्यूमच नसतो, त्यामुळे तिथे तिचा विचारही करू नये.

माझ्या गाडीवर मी ही मोजणी केली तेव्हा आयडलिंगलाच गेजवर एक पीएसआय, म्हणजे सुमारे ७० मिलिबार दिसत होते, आणि चढावर पूर्ण भाराला काटा आठ पीएसआयपर्यंत, म्हणजे ५५० मिलिबारपर्यंत गेला. स्कॅनरवर मात्र त्याच क्षणी फिल्टरचा दाबफरक आयडलिंगला अवघा ८ मिलिबार दिसत होता आणि काजळीचे प्रमाण ‘कमी’ होते. एकाच दाबाविषयी दोन साक्षी, आणि त्यांत आठ-नऊ पटींचे अंतर. गाडीखाली जाऊन पाहिले तर फिल्टरच्या आधीच्या बाजूकडून सेन्सरकडे जाणारी रबरी नळी क्लॅम्पच्या खाली बोटभर चिरलेली होती. दाब त्या चिरेतून बाहेर जात होता, सेन्सरला त्याचा उरलासुरला अंश कळत होता, आणि गाडीच्या संगणकाची समजूत अशी की फिल्टर जवळजवळ रिकामा आहे. म्हणूनच फिल्टरचा दिवा एकदाही लागला नाही आणि स्कॅनरने बोट दाखवले ते टर्बोकडे.

यातून एक गोष्ट प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवावी अशी वाटते. दाबफरकाचा सेन्सर हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची आधी उलटतपासणी व्हावी. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना त्याचे रीडिंग शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असले पाहिजे. तसे नसेल तर पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. दोन्ही नळ्या काढून त्या चिरल्या, पाण्याने वा काजळीने बुजल्या किंवा उलटसुलट लागल्या आहेत का हे पाहावे. शिवाय अनेक गाड्यांत या सेन्सरच्या दोन नळ्या फक्त पार्टिक्युलेट फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे असतात. त्याच डब्यात फिल्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, म्हणजे डिझेल गाडीचा कन्व्हर्टर, तुंबला तर सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी स्वतंत्र गेजशिवाय गत्यंतर नाही.

अर्थात कमी बूस्टचे, म्हणजे टर्बोकडून हवेचा दाब कमी मिळण्याचे, प्रत्येक प्रकरण तुंबण्याचेच असते असे मी म्हणत नाही. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी निसटली किंवा फाटली असेल तरी हाच कोड येतो, आणि तो तपास सर्वांत स्वस्त असल्याने तोच आधी करावा. दोहोंतला फरक स्कॅनरवरही दिसतो. नळी गळत असेल तर हवा आत येताना एअरफ्लो सेन्सर ती पुरेपूर मोजतो पण हवेच्या मॅनिफोल्डमध्ये दाब भरत नाही. धुराची वाट तुंबली असेल तर आत येणारी हवा आणि बूस्ट हे दोन्ही आकडे सोबतच खाली राहतात आणि धुराचे तापमान मात्र चढते. खराब टर्बोची स्वतःची चिन्हे वेगळी असतात: सायरनसारखी शीळ, निळा धूर, आणि इनलेटची नळी काढून दांडा हलवून पाहिल्यास पाते कवचाला घासेल इतका ढिलेपणा. ही तपासणी करायला पंधरा मिनिटे लागतात. माझा जुना टर्बो मी वर्कशॉपकडून परत मागून घेतला होता. त्याचा दांडा आजही घट्ट आहे आणि पात्यांवर घासल्याची एक रेघ नाही.

तुंबले आहे हे कळल्यावर कुठे तुंबले ते शोधायचे असते. फिल्टरनंतरच्या बाजूलाही गेज लावले की उलगडा होतो: आधी दाब जास्त आणि नंतर कमी असेल तर दोष मधल्या डब्यात आहे, दोन्हीकडे जास्त असेल तर तो आणखी मागे, नळीत किंवा सायलेन्सरमध्ये आहे. आपल्याकडे गतिरोधकांवर घासून चेपलेल्या नळ्या काही दुर्मीळ नाहीत, पण त्या निदान डोळ्यांना दिसतात. फसवतात त्या बाहेरून सुंदर दिसणाऱ्या लवचिक जोडाच्या नळ्या, ज्यांचा आतला पत्रा सुटून वाटेत आडवा येतो, आणि आतली जाळी निखळलेले सायलेन्सर.

टर्बो पेट्रोल गाड्यांची कथा थोडी निराळी आहे. तिथे कन्व्हर्टर काजळीने सहसा तुंबत नाही, तो वितळतो. एखादी इग्निशन कॉइल कमजोर होऊन एक सिलिंडर मिसफायर करू लागला की न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी चुलीतल्या काचेसारखी लुळी पडते. डब्यावर रबरी हातोडीने हलके टकटक केल्यास आत तुकडे खुळखुळताना ऐकू येतात. अशा गाडीला नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी मिसफायर दुरुस्त केला नाही, तर नव्या कन्व्हर्टरचेही तेच होते.

डिझेल फिल्टर मुळात का भरतो, याविषयी मालकांनीही जाणून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली. एवढी घट फिल्टरशिवाय साधणे अवघड असल्याने तो आला. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. संगणक जादा डिझेल सोडून ते नेतो, आणि त्यासाठी गाडी वीसेक मिनिटे न थांबता चालावी लागते. माझी मंडईची फेरी दहा मिनिटांत संपते. दर वेळी ज्वलन सुरू होण्याआधी किंवा अर्ध्यावर इंजिन बंद पडत असेल, तर काजळी साठतेच, शिवाय जळण्यासाठी सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानणारे एक स्नेही मला भेटले आहेत.

काजळी जळते, राख जळत नाही, हा भेदही महत्त्वाचा आहे. ही राख ऑइलमधील कॅल्शियम, जस्त अशा रसायनांपासून तयार होते आणि म्हणूनच या गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. बाजारात मिळेल ते स्वस्त ऑइल घातलेल्या गाडीचा फिल्टर स्कॅनरवरून कितीही वेळा रीजनरेट केला, म्हणजे त्यातली काजळी जाळली, तरी राखेपुरता तुंबलेलाच राहतो; तो उतरवून भट्टीत तापवून आणि उलट्या दिशेने हवा मारून साफ करावा लागतो. काजळीने गच्च भरलेला फिल्टर स्कॅनरवरून जबरदस्तीने जाळणेही धोक्याचे आहे, कारण ती सगळी एकदम पेटली तर आतले सिरॅमिक तडकते. माझ्या गाडीचा फिल्टर मी उतरवूनच साफ करून घेतला, काहीशे रुपयांची नळी बदलली आणि पुन्हा त्याच चढावर गेज लावले. आयडलिंगला काटा जेमतेम हलत होता आणि पूर्ण भाराला दोन पीएसआयवर थांबला. सगळा खर्च टर्बोच्या बिलाच्या पाव भागाहूनही कमी झाला.

यावर ‘फिल्टर फोडून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि मलाही तो दोन ठिकाणी मिळाला. आतली जाळी कोरून रिकामा डबा परत बसवायचा आणि संगणकातून फिल्टरचा उल्लेखच पुसायचा, असा तो उद्योग आहे. गाडी त्याने धावू लागते यात शंका नाही. अंगणातली विहीर बुजवली की तिच्यात कोणी पडत नाही, हेही खरेच आहे. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत ती काजळी जाणार, याचा हिशेब कोणत्याच जॉबकार्डवर येत नाही. पीयूसीच्या केंद्रावर या बाबतीत फार भिस्त ठेवू नये. तिथे डिझेल गाडी उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबून धुराच्या काळेपणासाठी तपासली जाते. उलटा दाब तिथे मोजलाच जात नाही. गच्च तुंबलेला फिल्टर असलेली माझी गाडी त्या तपासणीत अगदी उत्तम उतरली होती, कारण फिल्टर आपले काम जीव तोडून करत होता.

माझी मागणी मोठी नाही. पी०२९९ सारख्या कोडवरून टर्बो बदलण्याचा सल्ला देताना टर्बाइननंतरच्या दाबाचे भारावर घेतलेले रीडिंग जॉबकार्डवर आकड्यात लिहिले जावे, आणि जुना टर्बो न मागता परत मिळावा. पूर्ण भारावर हा दाब किती असणे योग्य, हे इंजिनागणिक बदलते. तो आकडा उत्पादकाकडे असतोच, कारण इंजिनाची अधिकृत शक्तिचाचणी घेतानाही धुराच्या नळीतील दाब किती ठेवायचा हे उत्पादकालाच सांगावे लागते. अशा चाचण्या पुण्यात वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत नित्य होतात. टेकडीवर ठाऊक असलेला आकडा टेकडीखालच्या गॅरेजात आणि मालकाच्या पुस्तिकेत छापायला हरकत कोणती, हे मला उमगलेले नाही. तोवर मालकांनी गाडी चांगली असताना, पहिल्या वीस-तीस हजार किलोमीटरमध्ये, एकदा हे रीडिंग घेऊन सर्व्हिस बुकच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे. आमच्या प्रशिक्षण संस्थांनीही एकेका कार्यशाळेला एक गेज, तांब्याची नळी आणि ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात बसणारा १८ मिलिमीटर आट्याचा एक जोड पुरवावा. त्याला निविदा काढण्याइतकाही खर्च येत नाही.

ज्या वाचकांच्या पत्रामुळे हे लिहिले, त्यांनी तिसऱ्या टर्बोचे अंदाजपत्रक मंजूर केले नसल्यास दोन दिवस थांबावे. प्रथम इंजिन बंद ठेवून सेन्सरचे शून्य तपासून घ्यावे, मग त्याच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपाव्यात, आणि त्यानंतर चढावर गेज लावून आकडा लिहून घ्यावा. तो आकडा त्यांनी आपल्या सदरातून कळवला, तर माझ्या गाडीच्या सफाईपूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी मी तुलनेसाठी आपल्याकडे पाठवून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कराड, जि. सातारा